बाप्पाच्या हातातला पाश : एका शब्दाची गोष्ट



स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचे काम चालू असताना यंदा एक गंमत झाली. संपादन समितीतले आम्ही तीन-चार जण राऊहून इंदूरला छपाईच्या दुकानात जाऊन बसलो होतो. मुखपृष्ठासाठी आपल्याच उत्सवमूर्तीचा गेल्या वर्षीचा फोटो निवडला होता. संगणकावर बसलेला तरुण मागचा मांडव, ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या असे सगळे काढून नुसती मूर्ती वेगळी करत होता. माउसने मूर्तीच्या कडेकडेने रेघ ओढत तो म्हणाला, "अंकल, लॅसो से काट लेता हूँ, दो मिनट लगेंगे." रेघ फिरत फिरत बाप्पाच्या वरच्या डाव्या हाताशी आली आणि थबकली. "ये रस्सी जैसा क्या है? हटा दूँ?"

आम्ही एकदम ओरडलोच. "अरे, हटाना मत! वो पाश है."

"पाश मतलब?"

"मतलब... फंदा. फाँस."

त्याने माउस सोडला आणि आमच्याकडे पाहिले. "गणेशजी के हाथ में फंदा? क्यों?"

आता आली का पंचाईत! अथर्वशीर्षाची आवर्तने आम्ही वर्षानुवर्षे करतो. एकदंत, चतुर्हस्त, पाश आणि अंकुश धारण करणारा असे बाप्पाचे वर्णन आम्हाला झोपेतही पाठ आहे. पण पाश कशासाठी, हे कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, "त्या पोराच्या हातात होता तो लॅसो, आणि तो पुसायला निघाला होता तोही लॅसोच की!"

त्या एका वाक्याने आम्हाला कामाला लावले. पुढचे काही दिवस कोश, पुराणे आणि इतिहासाची पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवत आहोत. सुरुवात गमतीने झाली असली, तरी शेवटी हा शब्द आम्हाला थोडा अवघड जागी घेऊन गेला. तेही लपवत नाही.

लॅसो कुठला?

लॅसो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो इंग्रजी सिनेमातला काउबॉय. घोड्यावरून दौडत, डोक्यावर दोर गरगर फिरवत पळत्या वासराच्या गळ्यात नेमका टाकणारा. पण हा शब्द मुळात इंग्रजी नाही. तो स्पॅनिश आहे. स्पॅनिशमध्ये 'लासो' म्हणजे फास, गाठ, बंध. त्याच्याही मागे जावे तर लॅटिनमधला 'लाक्वेउस' हा शब्द लागतो. त्याचा अर्थही फास, सापळा.

१४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत घोडे आणि गुरे अमेरिका खंडाकडच्या बेटांवर उतरली. पुढे मेक्सिकोच्या अफाट कुरणांत गुरे मोकाट वाढली. गोठा नाही, कुंपण नाही, अशा ठिकाणी हजारो जनावरांतून नेमके आपले जनावर वेगळे काढायचे कसे? तिथल्या घोडेस्वार गुराख्यांनी दोर फेकण्याची कला अंगी बाणवली. या गुराख्यांना 'वाकेरो' म्हणत. 'वाका' म्हणजे गाय, म्हणून वाकेरो म्हणजे शब्दशः गायवाला. इंग्रजी बोलणारे लोक टेक्सास-कॅलिफोर्नियात पोहोचले तेव्हा त्यांनी या वाकेरोंकडून धंदाही उचलला आणि शब्दही. लॅसो तसाच आला. 'लॅरिएट' हा दुसरा शब्द 'ला रेआता' या स्पॅनिश जोडशब्दाचा अपभ्रंश. म्हणजे ज्याला आपण अस्सल अमेरिकन समजतो त्या काउबॉयची दोरी मेक्सिकोची. तिथल्या घोडेस्वारीच्या आणि दोरफेकीच्या परंपरेला, म्हणजे चारेरियाला, २०१६ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे.

या दोराची करामत एका गाठीत आहे. दोराच्या टोकाला लहानसा पक्का डोळा असतो. दोराचे दुसरे टोक त्यातून ओवले की सरकता फास तयार होतो. डोक्यावर फिरवताना तो उघडा राहतो, जनावराच्या गळ्यात पडला आणि मागे ओढला की आवळतो. दुसऱ्या टोकाचे वेढे खोगिराच्या खुंटीला पडतात आणि शिकवलेला घोडा पाय रोवून दोर ताणून उभा राहतो. काम झाले की दोर ढिला सोडायचा, डोळ्यातून सरकवायचा, जनावर मोकळे.

आमच्या भगिनीवर्गाला एक गोष्ट सांगायला हवी. ब्लाउजला किंवा परकराला लावायची 'लेस' आणि मुलांच्या बुटांची 'लेस' ही लॅसोचीच सख्खी चुलत बहीण. लॅटिन लाक्वेउस फ्रेंचमधून इंग्रजीत गेला तो लेस होऊन, आणि स्पॅनिशमधून गेला तो लॅसो होऊन. आधी लेस म्हणजे बांधायची दोरी, मग दोऱ्यांची जाळी, मग जाळीचे नक्षीकाम. आणि 'नेकलेस'? नेक म्हणजे मान. म्हणजे मूळ अर्थाने नेकलेस हा गळ्यातला फासच! सराफ्यातून तो आणायला निघालेल्या यजमानांना हा अर्थ फार लवकर पटेल.

शब्द नवा, हत्यार जुने

शब्द स्पेनचा असला तरी फास फेकण्याची विद्या कुणा एका देशाची नाही. इजिप्तमध्ये अबायडोस येथील सेती राजाच्या मंदिरात रामसेस राजा आणि त्याचा मुलगा दोराने बैल पकडत आहेत असे शिल्प आहे. ते सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणचा बादशहा झर्क्सिस याच्या सैन्याचे वर्णन केले आहे. ही गोष्ट इसवी सनापूर्वी ४८० ची. त्यात सगार्ती नावाचे घोडेस्वार आहेत. त्यांच्याजवळ खंजिराखेरीज धातूचे शस्त्रच नसे. कातड्याच्या विणलेल्या दोरांवर त्यांचा भरवसा. शत्रू घोड्यावर असो की पायी, फास टाकायचा आणि ओढून घ्यायचा. इराणी महाकाव्यातला रुस्तम आपला 'कमंद' घेऊन लढतो, तो हाच दोर. मंगोलियात आजही लांब काठीच्या टोकाला फास बांधून घोडे पकडतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर त्याचे शास्त्र लिहून ठेवले आहे. अग्निपुराणात धनुर्वेदाचे काही अध्याय आहेत. त्यात तलवार, धनुष्य, गदा यांच्या बरोबरीने पाशाचाही विचार केला आहे. पाश दहा हात लांब असावा, असे ते पुराण सांगते. हात म्हणजे दीड फूट धरला तर पंधरा फूट झाले. तो कशाचा वळावा याची यादी दिली आहे. कापूस, मुंज, ताग-अंबाडीसारखे वाख, जनावराची स्नायू-तात, रुईचे धागे. मग तो वापरायचा कसा, तर कुंडलासारखे वेटोळे करून, डोक्यावरून गरगर फिरवून फेकायचा! हे वाचताना आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. सिनेमातला काउबॉय जे करतो त्याचे वर्णन, घोडा आणि टोपी वगळून, आपल्या पुराणात जसेच्या तसे आहे.

पाश, फास आणि त्यांचे गोत

पाश या शब्दाचे मूळ बांधणे, घट्ट बसवणे या अर्थाच्या धातूत आहे. भाषाशास्त्रज्ञ लॅटिनमधला 'पाक्स' म्हणजे शांतता, आणि इंग्रजीतला 'पॅक्ट' म्हणजे करार, हे शब्दही याच घराण्यात धरतात. दोन पक्षांनी एकमेकांना शब्दाने बांधून घेतले की तह होतो आणि तह झाला की शांतता. एकाच मुळातून एकीकडे गळ्यातला फास निघाला, दुसरीकडे शांततेचा करार.

संस्कृत 'पाश' प्राकृतात 'पास' झाला आणि मराठी-हिंदीत येताना प चा फ होऊन 'फास', 'फाँस' झाला. मराठीने मात्र हुशारी केली. दोन्ही रूपे ठेवली आणि कामे वाटून दिली. देवादिकांसाठी आणि मनाच्या गोष्टींसाठी पाश. म्हणून स्नेहपाश, मायापाश, बाहुपाश. व्यवहारातल्या दोरीसाठी फास. म्हणून गळफास, फाशी, फासेपारधी. आईचा पाश म्हटले की डोळे भरून येतात, आईचा फास म्हटले तर मार बसेल.

इथे दोन घोटाळे टाळले पाहिजेत. सोंगट्या खेळताना टाकतो तो 'फासा' संस्कृत पाशक या शब्दावरून आला. दोन्ही शब्दांचा चेहरा सारखा, पण कामे निराळी. फासेपारधी या नावातला फासा जुगाराचा नाही, दोरीचा आहे. दुसरे असे की 'पाशवी' हा शब्द पाशावरून नाही, पशूवरून आला. पशू आणि पाश यांची जोडी आपल्या शैव परंपरेने मात्र फार सुंदर लावली आहे. जीव हा पशू, संसाराचे बंधन हा पाश आणि सोडवणारा तो पती, म्हणजे पशुपती. आपल्या माळव्यातच मंदसौरला शिवना नदीच्या पात्रात १९४० साली सापडलेली अष्टमुखी पशुपतिनाथाची मूर्ती आहे. दर्शनाला अनेक वाचक जाऊन आले असतील. पुढच्या खेपेला नावाचा हा अर्थ आठवून हात जोडावेत.

वेदांत पाश मुख्यतः वरुणाचा. चुकणाऱ्याला तो बांधतो. यज्ञाच्या खांबाला बांधलेला शुनःशेप नावाचा मुलगा वरुणाची करुणा भाकतो, की वरचा, मधला आणि खालचा असे माझे तिन्ही पाश सैल कर. यमाचा पाश तर वटपौर्णिमेमुळे घराघरांत ठाऊक आहे. सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष यम पाशाने ओढून काढतो आणि सावित्री त्याच्या मागे चालू लागते. इंद्रजिताच्या नागपाशाने राम-लक्ष्मण जखडले गेले आणि गरुड आल्यावर सुटले. या सगळ्या गोष्टींत एक सारखेपणा आम्हाला दिसला. पाश पडतो तिथे गोष्ट संपत नाही. शुनःशेप सुटतो, सत्यवान उठून बसतो, राम-लक्ष्मण उभे राहतात. आपल्या पूर्वजांना पाशाची गोष्ट सांगताना सुटकेचीच सांगायची होती.

हत्तीच्या हातात हत्तीचा फास

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. गणपतीच्याच हातात पाश का?

गणपतीची दोन आयुधे पाहा, पाश आणि अंकुश. ही दोन्ही कुणाची हत्यारे? रानातला हत्ती धरायचा तो फासाने आणि धरल्यावर चालवायचा तो अंकुशाने. दोन्ही हत्यारे हत्तीच्या विरुद्ध माणसाने घडवलेली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गजवनाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालची माणसे सांगितली आहेत. त्यांत माहुतांच्या सोबत 'पादपाशिक' आहेत. हत्तीच्या पायात फास अडकवणारे ते पादपाशिक. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा सरकारी हुद्दा होता.

ही विद्या आसामात अगदी कालपरवापर्यंत जिवंत होती. शिकवलेल्या हत्तिणीवर बसून रानटी कळपात शिरायचे आणि नेमक्या हत्तीच्या गळ्यात फास टाकायचा. याला तिकडे मेळा-शिकार म्हणतात आणि फास टाकणाऱ्याला फांदी. १९७७ मध्ये हत्तीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले आणि ही धरपकड थांबत गेली. गौरीपूरच्या पार्वती बरुआ या त्या परंपरेतल्या नामवंत. बाई असून फांदी झालेल्या. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या हातांनी त्यांनी हत्ती धरले, त्याच हातांनी पुढे गावात शिरलेल्या हत्तींना परत रानात घालवण्यासाठी मदत केली.

आता मूर्तीकडे पुन्हा पाहा. डोके हत्तीचे, आणि ज्या दोन वस्तूंनी हत्तीला गुलाम केले त्या त्याच्याच हातात. बांधला जाणारा इथे दोर स्वतः धरून बसला आहे. शास्त्रीबुवा सांगतात की बाप्पा पाशाने विघ्ने बांधतो आणि भक्ताला जवळ ओढतो. ते खरेच आहे. आमच्या साध्या बुद्धीला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्याने फास सोसला, त्याच्याच हातात तो दिला आहे. कारण किती आवळायचा आणि कधी सोडायचा हे त्याला ठाऊक असणार.

शेतकरी वाचकांना ही गोष्ट सांगायला नको. गाईला खुंट्याला बांधताना गळ्यातल्या दाव्याला सरकती गाठ कोणी मारत नाही. रात्री जनावराने हिसका दिला तर सकाळी ते मेलेले सापडेल. तिथे न सरकणारी पक्की गाठच हवी, गळ्याशी दोन बोटे जागा ठेवून. दोरी एकच, पण गाठीवर ठरते की ते दावे आहे की फास. चतुर्थीच्या आधी चार दिवस पोळ्याला आपण बैलाला नवी वेसण, मोरकी, कासरा करतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. दोर धरणाऱ्याने वर्षातून एकदा तरी दोराची आठवण ठेवावी, हाच त्यामागचा भाव असावा.

फासाची बदनामी

इथवर सारे छान होते. पुढची पाने मात्र जड गेली.

एकोणिसाव्या शतकात फास हा शब्द इंग्रजांच्या दप्तरात शिरला तो गुन्हा म्हणून. वाटसरूंशी गोड बोलून त्यांच्या सोबतीने चालायचे आणि संधी साधून रुमालाने गळा आवळायचा, अशा टोळ्यांना उत्तरेत ठग म्हणत आणि दक्षिणेत फासीगार. नर्मदेच्या दोन्ही काठांचे रस्ते त्यांच्यासाठी बदनाम झाले होते. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली. १८३६ चा कायदा असा झाला की अमुक माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप. १८३९ साली फिलिप मेडोज टेलर याची ठगावरची कादंबरी आली आणि ठग हा शब्द इंग्रजीत कायमचा गेला. व्यापार असा झाला म्हणायचा. त्यांनी आपल्याला लॅसो दिला, आपण त्यांना ठग दिला.

दुसरा शब्द फाशी. सरकारी फास. आपल्या इंदूरला त्याची आठवण दोन ठिकाणी बांधलेली आहे. १८५७ च्या उठावात सामील झालेले अमझेराचे राजे बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला फाशी दिले. आज जिथे एम. वाय. हॉस्पिटल आहे त्या आवारातला कडुनिंब त्याचा साक्षीदार म्हणून दाखवतात. आणि १ जुलै १८५७ रोजी रेसिडेन्सीवर चालून जाणारे सआदत खान यांना तब्बल सतरा वर्षांनी, १ ऑक्टोबर १८७४ रोजी, त्याच रेसिडेन्सीच्या आवारात फासावर चढवले. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पहिल्या काही वर्षांतच पुण्यात दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांचे दोघे भाऊ. अपमान म्हणून दिलेल्या फासाला त्यांनी हाराची किंमत आणली. त्यांच्यामुळे 'फासावर गेला' या शब्दांना मराठीत एक मान आहे.

असा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही.

फासेपारधी

पारध म्हणजे शिकार, पारधी म्हणजे शिकारी. फासाने शिकार करतो तो फासेपारधी. बंदूक नाही, कुत्रा नाही. तातीच्या किंवा घोड्याच्या केसांच्या बारीक फासांची रांग एका दोरीवर ओवलेली, मध्ये मध्ये खुंट्या. ती झुडपांच्या कडेने जमिनीत ठोकायची आणि तित्तर, लावे हळूहळू तिकडे हाकत न्यायचे. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून चालायचे, म्हणजे पाखराला माणूस दिसत नाही. १९१६ मध्ये रसेल आणि कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले, त्यातही फासावरून पडलेले हे नाव आणि ही कला नोंदलेली आहे. अग्निपुराणातल्या पाशविद्येचा खरा वारस आज कुणाला म्हणायचे असेल, तर तो या माणसाला.

पण १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ठगांच्या बंदोबस्तात जी रीत पडली होती ती आता जन्माला लागू झाली. अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. पुढे हा कायदा देशभर पसरला. फिरस्त्या जमातींना कुंपणाच्या आत ठेवणाऱ्या वसाहती निघाल्या, सोलापूरची सेटलमेंट त्यांपैकीच. पारध्यांचे नाव या यादीत गेले. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. ही तारीख बहुधा आपल्या गणेशोत्सवाच्या अगदी जवळ येते, कधी कधी उत्सवातच येते. कायदा गेला, पण पोलीसपाटलाच्या आणि तुमच्या-आमच्या मनातली यादी गेली नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. रानासाठी ते योग्यच होते, पण ज्याचे हत्यारच फास होते त्याच्या हाती दुसरे काय द्यायचे, याचा विचार फारसा झाला नाही. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. आपल्या मध्य प्रदेशात मात्र पारध्यांची ती नोंद ठरावीक जिल्ह्यां-तहसिलींपुरतीच आहे. एकच कुळ, पण सीमा ओलांडली की सवलत बदलते.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली आणि आम्ही एकमेकांच्या नजरा चुकवल्या. काही वर्षांपूर्वी मांडवातली पितळी समई दिसेनाशी झाली होती. तेव्हा वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर चार-पाच पाले पडली होती. बायका फुगे विकायच्या, पोरे उघडीनागडी हिंडायची. "पारधीच ते, दुसरे कोण?" असे आमच्यातच कोणीतरी म्हणाले आणि कोणीही नाही म्हटले नाही. चौकीदाराला पाठवले. दुसऱ्या दिवशी प्लॉट रिकामा होता. समई दिवाळीच्या साफसफाईत सापडली, आमच्याच माळ्यावर, आरासीच्या पडद्यात गुंडाळलेली. विसर्जनाच्या घाईत आमच्यापैकीच कुणीतरी ती ठेवली होती. ती माणसे पारधी होती की आणखी कोणी, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. समई मिळाल्याचे आम्ही सभेत सांगितले, पेढे वाटले. पाले कुठे गेली ते कोणी विचारले नाही.

फास फेकायला दहा हात दोर लागतोच असे नाही. एक शब्द पुरतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. पन्ना इथल्या जंगलात पारधी तरुण आज पर्यटकांना पायी रान दाखवतात. पाऊल कुणाचे, हाक कुणाची, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? अकोला-वाशीमच्या माळरानांवर फासेपारध्यांनी तणमोर राखण्याच्या कामात हात घातला आहे. हा तणमोर म्हणजे आपल्याकडचा खरमोर. त्याच्यासाठी रतलाम जिल्ह्यात सैलाना येथे १९८३ पासून अभयारण्य आहे. पाखरू कुठल्या गवतात लपते हे जाणणारे डोळे तेच आहेत. आधी ते फास लावण्यासाठी पाहत, आता राखण्यासाठी पाहतात.

मुखपृष्ठ

दोन दिवसांनी मुखपृष्ठाचा नमुना पाहायला आम्ही पुन्हा गेलो. त्या तरुणाने बाप्पाच्या हातातला पाश अगदी काळजीने, केसाएवढी कडाही न तोडता राखला होता. आम्ही त्याला त्याचे उत्तर दिले. म्हटले, "बेटा, हत्तीला ज्या दोराने पकडतात तो दोर बाप्पाने आपल्या हातात घेऊन ठेवला आहे." तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मतलब, अब कोई और नहीं फेंक सकता." आम्ही इतके ग्रंथ चाळून जे सांगू पाहत होतो ते त्याने एका वाक्यात सांगितले.

यंदाच्या सभेत आम्ही दोन साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. मांडवातली वस्तू हरवली तर आधी आपला माळा, आपली पेटी आणि आपली यादी तपासायची. आणि महाप्रसादाच्या पंगतीचे निमंत्रण मागच्या प्लॉटवर जी कोणी माणसे मुक्कामाला असतील त्यांनाही द्यायचे, नावगाव विचारून, हात जोडून. झाल्या गोष्टीची भरपाई याने होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

वाचकहो, पुस्तक मिटल्यावर मुखपृष्ठ एकदा नीट पाहा. वरच्या डाव्या हातात ती दोरी आहे. आजवर आपण मोदक पाहत आलो, सोंड पाहत आलो, उंदीरमामाही पाहिला. यंदा तेवढा पाश पाहा, आणि तो सैल धरलेला आहे हेही पाहा.

गणपती बाप्पा मोरया!